मंडळांनो, गणपतीच्या हॉलबाहेर काउंटीचेही एक टेबल मांडा

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळे

विषय : मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या आई-वडिलांना काउंटीच्या सेवांची माहिती देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलच्या दारात नावनोंदणीच्या शेजारी आणखी चार टेबले असतात. घरे विकणारे, विमा विकणारे, साड्यांचा स्टॉल आणि एखादी शिकवणी. पुरस्कर्त्यांशिवाय हॉलचे भाडे निघत नाही, हे मान्य. पण ज्यांच्या सेवेसाठी आपण सगळे दरवर्षी कर भरतो त्या काउंटीचे, म्हणजे गाव आणि राज्य यांच्या मधल्या सरकारचे, टेबल तिथे सहसा नसते. ते असावे, आणि त्यावर काय असावे, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. आम्ही ज्येष्ठांना अर्ज भरून द्यायला मदत करतो. त्यात कुटुंबांच्या दोन चुका सारख्या दिसतात. जे मिळणार नाही त्याच्यामागे वर्षभर धावायचे आणि जे सहज मिळते ते ‘गरिबांसाठी असते’ म्हणून मागायचेच नाही.

आपल्याकडे तहसील कचेरी म्हणजे काय, हे कुणाला शिकवावे लागत नाही. इथे मात्र गावाचे नाव पाठ असते, राज्याचे असते, आणि मधली पायरी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरची एक ओळ होऊन राहते. म्हणून पहिले काम म्हणजे घर कोणत्या काउंटीत आहे ते बिलावरून नक्की करणे. पोस्टाच्या पत्त्यावर विसंबू नका. न्यू जर्सीत ‘प्रिन्स्टन’ असा पत्ता लिहिणारे घर मर्सर, मिडलसेक्स किंवा सॉमरसेट यांपैकी कोणत्याही काउंटीत असू शकते. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरोची मुले एकाच शाळा-जिल्ह्यात शिकतात, पण त्यांच्या आजी-आजोबांची कार्यालये वेगळी, कारण पहिले गाव मर्सरमध्ये आहे आणि दुसरे मिडलसेक्समध्ये. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला की तो परत येईपर्यंत महिना जातो.

राज्यागणिक काउंटीचे वजनही वेगळे. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात अन्नमदत आणि मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा, यांचे बरेच काम काउंटीची कार्यालये करतात. टेक्ससमध्ये तेच काम राज्य करते, त्यामुळे कॉलिन काउंटीच्या इमारतीत जाऊन रांग लावण्यात अर्थ नाही. कनेक्टिकटने तर काउंटी सरकारे १९६० सालीच मोडीत काढली. कुठे जायचे ते कळत नसेल तर २११ वर फोन करावा. साठीच्या वरच्यांसाठी ‘एल्डरकेअर लोकेटर’ची देशभरची सोय आहे, क्रमांक १-८००-६७७-१११६. झिप कोड सांगितला की ते स्थानिक कार्यालय सांगतात.

आता मुद्द्याचे. या सेवांना दोन दारे आहेत. एक दार वय विचारते, दुसरे उत्पन्न विचारते. आपले लोक दुसऱ्या दारापाशी अडतात आणि पहिले उघडे आहे हे त्यांच्या गावीही नसते.

पहिल्या दारामागे १९६५चा ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ आहे. वय ६० पूर्ण, एवढी मुख्य अट. या कायद्याखालच्या सेवांसाठी उत्पन्नाची मर्यादा नाही, मुलाचा पगार कुणी विचारत नाही, आणि ग्रीन कार्डाला पाच वर्षे व्हायची वाट पाहावी लागत नाही. काम पाहते ती ‘एरिया एजन्सी ऑन एजिंग’. न्यू जर्सीत २१ काउंट्या आणि प्रत्येकीची स्वतंत्र एजन्सी. तिथे दुपारचे जेवण मिळते, घराबाहेर पडता येत नसेल तर डबा घरी येतो, कायद्याचा सल्ला मिळतो, वाहनाची सोय होते. सासूबाईंचे सगळे करणाऱ्या सुनेला चार तास मोकळे मिळावेत म्हणून बदली माणूस पाठवण्याची तरतूदही आहे. ही शेवटची फार कमी घरे मागतात. मागितल्याबरोबर मिळेलच असे नाही, प्रतीक्षायादी असते. म्हणून तर गरज टोकाला जायच्या आधी नाव घालायचे.

जेवणाच्या ठिकाणी एक डबी ठेवलेली असते. तिच्यात टाकायचे ते ऐच्छिक असते. पैसे दिले नाहीत म्हणून ताट नाकारता येत नाही. आपले आजोबा डबी पाहून बाहेर पडतात किंवा उलट, फुकट कसे खायचे म्हणून जातच नाहीत. दोघांनाही सांगा की देवळातल्या दानपेटीसारखेच ते आहे. जागा बहुधा आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. शाकाहाराचा प्रश्न खरा आहे. रोजच्या ताटात चिकन किंवा टर्की असेल तर आजी पाव आणि फळ खाऊन उठणार आणि दुसऱ्या दिवशी येणार नाही. आहाराच्या खास गरजा शक्य तितक्या सांभाळाव्यात असे कायदाच म्हणतो. पण एकट्या बाईने सांगितले तर तिला सॅलड मिळते. पंधरा जणांच्या नावांची यादी लेखी गेली तर स्वयंपाकाच्या कंत्राटात तशी ओळ पडू शकते, आणि यादी गोळा करणे हे मंडळाचे काम.

वाहनाचे दोन मार्ग. बसमध्ये स्वतः चढता-उतरता येत नाही अशा कुणालाही, वय काहीही असो, १९९०च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली ‘पॅराट्रान्झिट’, म्हणजे न्यायला-आणायला येणारी खास गाडी, मागता येते. ही गाडी नेहमीच्या बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात धावते आणि भाडे बसच्या दुपटीहून जास्त घेता येत नाही. पूर्ण अर्ज दिल्यावर २१ दिवसांत निर्णय झाला नाही, तर निर्णय होईपर्यंत सेवा द्यावीच लागते. अर्ज दिल्याची तारीख म्हणूनच लिहून ठेवायची. अर्ज भरताना आपण मराठी माणसे स्वाभिमानाने लिहितो : ‘हळूहळू चालता येते’. अर्ज तिथेच पडतो. किती पावले चालल्यावर थांबावे लागते, बर्फात काय होते, थांब्यावर बसायला बाक आहे का, हे लिहायचे असते. दुसरा मार्ग काउंटीच्या स्वतःच्या गाड्यांचा. न्यू जर्सीत त्यांचा खर्च बराचसा अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोंच्या करातून निघतो. १९७६च्या जनमत कौलात कॅसिनोंना परवानगी देतानाच हा पैसा ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवला गेला. जुगाराच्या पैशावर आजी हृदयरोगतज्ज्ञाकडे जाणार, हे तिला सांगायचे की नाही ते घरच्यांनी ठरवावे.

दुसऱ्या दाराची गोष्ट कडू आहे आणि ती गोड करून सांगण्यात कुणाचे भले नाही. १९९६च्या कायद्यानुसार मेडिकेड आणि स्नॅप, म्हणजे अन्नमदत, यांसाठी मोठ्या माणसांना साधारणपणे ग्रीन कार्डावर पाच वर्षे काढावी लागतात. काही राज्यांनी आपल्या पैशाने सवलती दिल्या आहेत, काहींनी त्या पुन्हा आखडल्या आहेत. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा अनुभव न्यू जर्सीत चालत नाही. पाच वर्षांनंतरही अडथळा उरतोच. आई-वडिलांना आणताना मुलाने आय-८६४ या अर्जावर सही केलेली असते : यांचा खर्च मी करीन. ती सही आई-वडील नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या खाती कामाच्या ४० तिमाह्या (साधारण दहा वर्षांची नोकरी) जमेपर्यंत, जिवंत राहते, आणि अशा योजनांत मुलाचे उत्पन्न त्यांचेच मानले जाऊ शकते. एसएसआय ही गरीब वृद्धांची आणि दिव्यांगांची रोख मदत तर त्या ४० तिमाह्यांशिवाय किंवा नागरिकत्वाशिवाय जवळपास विसरावी.

स्नॅपमध्ये ‘घर’ म्हणजे छप्पर नव्हे, चूल. जे एकत्र किराणा आणतात आणि एकत्र रांधतात ते एक घर. रेशनकार्ड वेगळे करताना आपल्याकडे ‘चूल वेगळी आहे’ असे सांगतात, तसाच हा हिशेब. एका कुकरच्या भाताला दोन घरे दाखवणे हे खोटे विधान ठरते, आणि अर्जावरची सही आईची असते. ‘मेडिकेड आम्ही करून देतो, तुम्ही फक्त सही करा’ असे म्हणणाऱ्या दलालांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे.

मेडिकेडच्या अर्जात भारतातली मालमत्ता विचारतात आणि ती सांगावीच लागते. ठाण्यातला बंद फ्लॅट, सहकारी बँकेतली ठेव, निवृत्तिवेतन, गावच्या सातबाऱ्यावरचा हिस्सा, सगळे. ‘ते तिकडचे आहे’ हे उत्तर नाही. दीर्घकालीन शुश्रूषेसाठी, म्हणजे नर्सिंग होम वगैरेसाठी, मेडिकेड मागितले तर आधीच्या ६० महिन्यांत काय कुणाला दिले ते पाहतात. पुण्याला गेल्यावर मुलीच्या नावे केलेले बक्षीसपत्र त्या ६० महिन्यांत आले, तर तेवढ्या रकमेच्या हिशेबाने मदत लांबते. बक्षीसपत्र करायचे असेल तर जरूर करा, पण इथल्या ज्येष्ठांच्या कायद्याच्या वकिलाला आधी विचारून.

मग आजारपणाचे काय? नवे ग्रीन कार्ड मिळाल्यावर विम्याच्या मार्केटप्लेसवर, म्हणजे खासगी विमा विकत घेण्याच्या सरकारी सोयीत, ६० दिवसांची खास मुदत मिळते. ती चुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबा. हप्त्यावरचे अनुदान किती ते कुटुंबाच्या करविवरणावर ठरते. आणि ज्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली आहे पण ज्यांची पाच वर्षे झालेली नाहीत, अशांचे अनुदान २०२६पासून बंद झाले आहे. जुन्या माहितीवर तिकिटे काढणाऱ्या कुटुंबांना हे आधी कळायला हवे.

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, याबद्दल दोन गैरसमज पसरलेले आहेत : ती ६५ झाल्यावर आपोआप मिळते, आणि ती फुकट असते. वय ६५, ग्रीन कार्ड आणि लागोपाठ पाच वर्षे इथे वास्तव्य, एवढे झाले की ती विकत घेता येते. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या ३० तिमाह्याही नसतील तर २०२६ साली पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) महिन्याला ५६५ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) २०२.९० डॉलर, म्हणजे माणशी ७६७.९० डॉलर. मुलाने वीस वर्षे भरलेला सोशल सिक्युरिटी कर आईच्या खात्यात धरत नाहीत. नोंदणीची खिडकी सात महिन्यांची : पात्र होण्याआधीचे तीन, तो महिना, नंतरचे तीन. सत्तरीतल्या पालकांची खिडकी ६५व्या वाढदिवसाशी नसून पाच वर्षे पूर्ण होण्याच्या महिन्याभोवती असते, आणि बहुतेकांची ती तिथेच हुकते. मग पार्ट बीला प्रत्येक पूर्ण वर्षाच्या उशिरामागे १० टक्के दंड, साधारणपणे जन्मभर.

इथे आपली एक खास मराठी अडचण आहे. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख १ जून टाकलेली असते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्यांची मेडिकेअर आदल्या महिन्यापासून धरतात. म्हणजे १ जूनवाल्यांची पात्रता मेपासून आणि खिडकी फेब्रुवारी ते ऑगस्ट. सप्टेंबरात अर्ज करायला गेलेला माणूस उशिरा आलेला असतो. शिवाय हीच तारीख आपण सवयीने १/६ अशी लिहितो आणि इथे ती ६ जानेवारी होते. एका फॉर्मवर जून, दुसऱ्यावर जानेवारी, आणि संगणक म्हणतो ही दोन वेगळी माणसे. महिना अक्षरांत लिहायची सवय लावा.

नावांचा घोळ त्याहून मोठा. लग्नात आपल्याकडे आडनावच काय, पहिले नावही बदलत असे. जन्माच्या नोंदीत कुसुम विठ्ठल, पासपोर्टवर सुलभा मधुकर, आणि दोघी एकच हे सांगणारा कागद रत्नागिरीच्या कपाटात. मधले नाव कधी वडिलांचे, कधी नवऱ्याचे, कधी पहिल्या नावाला चिकटून. येण्यापूर्वीच विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचे राजपत्र यांच्या प्रती काढून आणाव्यात. जन्मनोंद सापडत नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला. इथे आल्यावर सर्व अर्जांवर ग्रीन कार्डावरचेच नाव, अक्षर न् अक्षर तेच. सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत वेगळे असेल तर आधी ते दुरुस्त करायचे, मग बाकीचे अर्ज.

तिसरा कागद पत्त्याचा. मुलाच्या घरात राहणाऱ्या आईच्या नावे विजेचे बिल नसते, भाडेकरार नसतो. पहिल्या महिन्यातच तिचे बँक खाते उघडा आणि विवरण टपालाने मागवा. वाहन न चालवणाऱ्यांसाठीचे राज्याचे ओळखपत्र काढा. गाडी चालवत नाहीत म्हणून हे ओळखपत्र काढायचे राहून जाते आणि मग साध्या सिनियर सेंटरच्या सदस्यत्वालाही पासपोर्ट घेऊन जावे लागते.

भाषेचे सांगतो. अर्जात ‘पसंतीची भाषा’ असा रकाना असतो. मुलगा घाईत तिथे इंग्रजी टिचकवतो. पुढची सगळी पत्रे, फोन, मुलाखती मग इंग्रजीत. तिथे ‘मराठी’ लिहा. १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाखाली संघराज्याचा पैसा घेणाऱ्या कार्यालयांवर भाषेमुळे कुणी वंचित राहू नये अशी जबाबदारी आहे, आणि बहुतेक ठिकाणी दुभाषी फोनवर जोडून देतात. फोन लागताच ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ एवढे तीन शब्द आईला पाठ हवेत. हिंदीचा दुभाषी चटकन मिळतो म्हणून तो घेऊ नये असे नाही, पण औषधे आणि पैशांचे बोलणे ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत व्हावे.

आणि ‘सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड जाईल’ ही भीती. २०२२च्या नियमात सरकारवर भार ठरण्यासाठी प्रामुख्याने रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणे मोजले जाते. दुपारचे जेवण किंवा काउंटीची गाडी नव्हे. पण हे नियम २०१९ साली एक होते, २०२२ साली दुसरे झाले, आणि पुन्हा बदलू शकतात. ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून चालू आहे, किंवा जे १८० दिवसांहून जास्त भारतात राहून परतणार आहेत, त्यांनी उत्पन्नाच्या दारातले काहीही मागण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावे. व्हॉट्सॲपच्या गटाला नव्हे.

नकाराचे पत्र आले तर आधी मागची बाजू वाचा. अपिलाची मुदत तिथे असते आणि ती पत्रावरच्या तारखेपासून चालू होते. चालू असलेली मदत बंद होणार असेल तर बंद होण्याच्या तारखेआधी सुनावणी मागितल्यास बहुतेक वेळा निकालापर्यंत ती चालू ठेवता येते; पण निकाल विरुद्ध गेला तर तेवढी रक्कम परत मागू शकतात. नकाराचे नेहमीचे कारण अपात्रता नसून ‘कागद आला नाही’ हे असते. कागद दिल्याची पोच घ्या. टपालाने पाठवला तर नोंद ठेवा.

आता मंडळांकडे काय मागणे आहे ते. संक्रांतीच्या कार्यक्रमाला काउंटीच्या एजन्सीचा माणूस आणि ‘शिप’ या सरकारी विमा-सल्ला योजनेचा मेडिकेअर समुपदेशक बोलवा. हे समुपदेशक फुकट सल्ला देतात आणि त्यांना कोणताही विमा विकायचा नसतो. तुमच्या पुरस्कर्त्या विमा एजंटला कमिशन असते. तो वाईट माणूस नव्हे, पण आजीला पार्ट बी कधी घ्यायचा हे त्याने सांगू नये. टेबल एजंटाच्या शेजारी लावू नका.

दर दोन ते चार वर्षांनी प्रत्येक एजन्सीला आपला आराखडा करावा लागतो आणि त्यासाठी लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. सल्लागार समितीही असते आणि तिच्यात निम्म्याहून जास्त ज्येष्ठच असावे लागतात. तिथे मंडळातले निवृत्त शिक्षक, बँक अधिकारी सहज शोभतील. बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात. त्यात संस्कृतीची थोरवी सांगू नका, आकडे सांगा. साठीवरची आमची माणसे किती, शाकाहारी किती, गाडी न चालवणारी किती, इंग्रजी पत्र न वाचता येणारी किती, कोणत्या झिप कोडमध्ये. कमी इंग्रजी येणाऱ्या ज्येष्ठांकडे विशेष लक्ष द्यावे असे कायद्यातच आहे, त्यामुळे तो आकडा ऐकणाऱ्याला वहीत लिहावा लागतो.

हा आकडा आज मंडळांकडे नाही. सदस्यत्वाच्या फॉर्मवर मुलांची वये विचारतात, कारण जेवणाची कुपने त्यावर ठरतात. त्याच फॉर्मवर आणखी एक ओळ छापा : ‘घरात साठीच्या वरचे कुणी कायम राहतात का, किती?’ व्हिसाचा रकाना मात्र ठेवू नका.

आपले,
ज्येष्ठांचे अर्ज भरून देणारे काही स्वयंसेवक